धाकट्याची खोली

१

दोष माझ्या मामाचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे मोठ्यांचं काही चुकलं की ते सगळ्यांत वाटून घेतात आणि लहानांना जरा जास्तच वाढतात. मामाने एक माणूस जन्माला घातला आणि त्याला मारलं नाही. विसरलो, असं तो आता म्हणतो. विसरला नव्हता. मुद्दाम सोडला.

मामा इतिहासाचा मास्तर. असली माणसं निवृत्त झाली की घरच्यांना झेपत नाहीत, म्हणून गाव त्यांना एखादं संग्रहालय देऊन टाकतं. मामाला मिळालं ते एका कुलूप बनवणाऱ्याचं जुनं घर. अरुंद, उभं, खाली कारखाना, वर स्वयंपाकघर आणि निजायची खोली, त्याच्यावर छपराखाली आणखी एक लहान खोली. ही गोष्ट त्या लहान खोलीची आहे.

मी इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. सोडलं म्हणजे सोडलं. बाबा आधीच दुसऱ्या शहरात दुसरं घर करून बसले होते आणि त्यांच्याबद्दल घरात कोणी ब्र काढत नसे. माझ्याबद्दल मात्र रोज काढत. घरात आई आणि मी दोघंच. आई शिवणकाम करते. मशीन चालू असलं की बोलत नाही आणि थांबलं की माझ्याकडे बघते. ते बघणं मला नको व्हायचं, मग मी काहीतरी लागट बोलायचो, मग ती बोलायची. पण कितीही भांडण झालं तरी माझा चहा ती बशीने झाकून ठेवायची. आमच्यात एवढंच उरलं होतं. पण होतं.

"नुसता लोळतोस त्यापेक्षा मामाकडे जा," ती एक दिवस म्हणाली. "जुन्या वस्तू तरी पूस."

गेलो.

२

काम सोपं होतं. सकाळी पुढचं दार उघडायचं, खिडक्या उघडायच्या आणि खालून धूळ पुसत वर जायचं. कारखान्यात कानशी, पितळेच्या पट्ट्या आणि भिंतभर टांगलेल्या किल्ल्या. प्रत्येक खोलीच्या दाराशी एक लाल बटण. दाबलं की जिन्याखालचं यंत्र त्या खोलीतल्या स्पीकरवर तिची गोष्ट ऐकवायचं. सगळ्या खऱ्या माणसांनी सांगितलेल्या. कारखान्यात जुना कामगार सांगायचा की मालक नव्या कुलपाला आधी कान लावायचे, मग किल्ली. स्वयंपाकघरात घराची सून धुराबद्दल तक्रार करायची, मेल्यावरसुद्धा.

वरच्या खोलीला गोष्ट नव्हती. तिथे केरसुण्या आणि मोडक्या खुर्च्या होत्या. मग एकदा वारसा समितीच्या बाई पाहणीला आल्या, चष्मा वर करून म्हणाल्या, "ही खोली मुकी आहे, सर. मुकी खोली असली तर पुढच्या वर्षी आम्ही काय बघून मदत द्यायची?"

मामाने आठवडाभर दाढी केली नाही. मग एक कागद घेऊन आला आणि मला माइकपुढे बसवलं.

"हा कोण?" मी वाचून विचारलं.

"कुलूपवाल्याचा धाकटा मुलगा."

"त्याला दोन मुलगे नव्हते. एकच होता. तो कारखान्यातल्या फोटोत आहे."

"फोटोत नसलेलाही असू शकतो. नसल्याचा पुरावा आहे का तुझ्याकडे?" मामा असा हरायचाच नाही. "वाचा, इंजिनियरसाहेब. तुम्ही तेवढं तरी पूर्ण करा."

मला चिडवायचं असलं की तो मला इंजिनियरसाहेब म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा.

मी वाचलं. मी या घरातला धाकटा. दादा कारखान्यात बसे, मी वर अभ्यासाला. आईचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. शिकायला परगावी निघालो तेव्हा तिला म्हणालो, मी येईन, दार नुसतं लोटून ठेव.

"जरा मऊ," मामा म्हणाला. "पोलिसात तक्रार नोंदवताय का?"

"मेलेला माणूस एवढा गोड कशाला बोलेल?"

"मेलाय असं कोण म्हणालं?"

मग त्याने पाटी दाखवली. संग्रहालयात माणसाच्या पाटीवर दोन वर्षं लिहितात, जन्माचं आणि मृत्यूचं, मध्ये आडवी रेघ. मामानेच मला शिकवलं होतं की पुराव्याशिवाय पाटीवर वर्ष लिहायचं नाही आणि पुरावा मिळाला की जागा रिकामी ठेवायची नाही. या पाटीवर जन्माचं वर्ष होतं, रेघ होती आणि पुढे कोरं.

"त्याचं काय झालं ते लोकांना कळता कामा नये," मामा म्हणाला. "हुरहूर लागली पाहिजे."

३

खोली सजवायला सामान भंगारातून आणलं. लोखंडी खाट, अभ्यासाचं मेज, कंदील. हात धुवायचं एक लाकडी स्टँड, त्यात चिनी मातीचं भांडं, बाजूला जग. जगाच्या बुडाला भोक होतं, म्हणून तो स्वस्त मिळाला. साबणदाणीत मामाने आपल्या न्हाणीघरातली एक वाळकी, भेगाळलेली वडी ठेवली. म्हणाला, जुनी दिसते.

उद्‌घाटनाला सगळे आले. आईही आली. तिने बटण दाबलं आणि भिंतीकडे तोंड करून ऐकत राहिली. माझा आवाज म्हणाला, मी येईन, दार नुसतं लोटून ठेव. तिने डोळ्यांना पदर लावला.

"किती छान बोललास रे," ती मला म्हणाली. कितीतरी दिवसांत मी तिच्या तोंडून स्वतःबद्दल काही बरं ऐकलं नव्हतं.

"मामाने लिहिलं ते. मी नुसतं वाचलं."

"तरी." तिने पुन्हा बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी ती शिवणाच्या वेळात आली. तिसऱ्या दिवशीही. खाली तिकिटांच्या खिडकीत बसणाऱ्या काकू विणता विणता म्हणाल्या, "आईला फुकट सोडतेय हो मी. पण रोज रोज त्याच खोलीत काय बघतात त्या?"

"मला," मी म्हणालो. तेव्हा मला ते विनोदाने म्हणता आलं.

४

साबण ओला होता.

सकाळी धूळ पुसताना बोट लागलं तेव्हा कळलं. वरून बुळबुळीत, भेगा बुजलेल्या, आणि वडी माझ्या आठवणीपेक्षा बारीक. मी खाली जाऊन काकूंना विचारलं.

"मी कशाला हात धुऊ तिथे?" त्या म्हणाल्या. "खाली नळ आहे. आणि तुमचा तो जग गळका."

जग गळका होता हे खरं. मी पाहून आलो. भोकातून बोट आरपार जात होतं आणि आत कोळ्याचं कोरडं जाळं होतं.

मी काही भुतं मानणारा माणूस नाही. दोन वर्षं का होईना, विज्ञान शिकलो आहे. मी छपराला ओल शोधली. नाही मिळाली. एखाद्या वात्रट पोराने बाटलीतलं पाणी ओतलं असेल म्हणून संध्याकाळी खोलीला कुलूप घातलं, त्या घरातलंच, कुलूपवाल्याच्या हातचं. असल्या कुलपाची दुसरी किल्ली निघत नाही अशी त्याची ख्याती. किल्ली खिशात घालून घरी गेलो.

सकाळी कुलूप होतं तसं होतं. आत साबणावर फेस होता. बारीक बारीक बुडबुडे, आणि मी बघत असताना त्यातला एक फुटला.

मी उभा राहिलो आणि स्वतःला समजावत राहिलो. हवेतला दमटपणा. जुन्या साबणातलं तेल. मग भांड्यात पाहिलं. तळाला घोटभर पाणी होतं, राखाडी, कोणीतरी हात धुतल्यावर राहतं तसं.

मी ते खिडकीतून फेकलं. हाताला लागलं तेव्हा कोमट होतं.

५

चौकात एक निवृत्त पोस्टमन राहतात. सगळ्या गावाची पत्रं वाटली म्हणून सगळं गाव आपल्याला ठाऊक आहे असा त्यांचा समज. एक दिवस ते वरच्या खोलीतून खाली आले ते डोळे पुसत.

"अगदी असाच बोलायचा," म्हणाले. "माझ्या हातून कितीदा पत्र घेतलंय त्याने. आणि ते अंगठ्याचं सांगतो ना, तेही खरं. मी पाहिलेलं आहे."

"कसला अंगठा?"

"नखाचं रे. जाऊन ऐक की."

या म्हाताऱ्यांचं असंच असतं. त्यांना न घडलेलं आठवतं आणि घडलेलं ते सोयीने विसरतात. मी हसत वर गेलो आणि बटण दाबलं.

मी या घरातला धाकटा, माझा आवाज म्हणाला. दादा कारखान्यात बसे. आईचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही. मग तो थांबला. श्वास घेतल्याचं ऐकू आलं. मी माइकपुढे बसताना मामाने मला श्वास तोंड फिरवून घ्यायला लावला होता.

लहानपणी माझा अंगठा दारात चेमटला, आवाज म्हणाला. नख वाकडं आलं ते कायमचं. आई रात्रभर माझा हात पाण्यात धरून बसली होती.

कागदावर हे नव्हतं. मी हे वाचलं नव्हतं. मी हे कोणालाच कधी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काय आहे त्यात. माझा डावा अंगठा मी पाच वर्षांचा असताना आमच्या घराच्या दारात चेमटला. त्याचं नख वाकडं आहे. आई रात्रभर माझा हात पाण्यात धरून बसली होती.

मी जिन्याखाली जाऊन यंत्र उघडलं. मामाने घातलेलं कार्ड तेच होतं, त्याच्यावर मामाच्याच अक्षरात खोलीचं नाव. मामाला जाऊन विचारलं की हे तू कधी घुसडलंस.

त्याने कागद काढून पाहिला, पुन्हा पाहिला आणि खूश झाला. "लिहिलं असेल मी. उत्तम आहे. माणूस अशा बारीक गोष्टींनीच उभा राहतो."

"मामा, कागदावर नाही ते."

"मग तू बोलला असशील. एकदा तरी काही चांगलं केलंस तर नाही कशाला म्हणतोस?"

त्या दिवशी घरी जाऊन मी आईच्या मशीनसमोर उभा राहिलो आणि डावा अंगठा पुढे केला. "आई, हे कसं झालं होतं?"

तिने चष्म्यातून पाहिलं. "काय झालंय?"

"नख."

"बरं दिसतंय की." तिने दोरा दाताने तोडला. "अंगठा त्याचा चेमटला होता. किती रडला बिचारा. रात्रभर धरून बसले होते मी."

६

त्यानंतर घरात एकेक गोष्ट सरकायला लागली. आई चहाचे दोन कप भरायची. मी एक घेतला की दचकायची आणि तिसरा भरायची. मी दाराला कडी घातली की थोड्या वेळाने ती उठून काढायची आणि दार नुसतं लोटून ठेवायची.

"कोणी शिरेल ना घरात," मी म्हणालो.

"शिरू दे. त्याचंच घर आहे."

"कोणाचं? आई, तो नाही. मामाने तो बनवलाय. समितीची मदत मिळत राहावी म्हणून एका म्हाताऱ्याने बनवलाय. मी त्याचा आवाज आहे, मी. तुला पोरगा हवा असेल तर मी इथे उभा आहे तुझ्या पुढ्यात."

मशीन थांबलं. तिने माझ्याकडे पाहिलं. ते जुनं, नको होणारं बघणंही आता राहिलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकाकडे बघावं तसं होतं.

"तो तरी नीट बोलतो," ती म्हणाली.

सकाळी ती बाहेर पडताना तिच्या पिशवीत मला नवी साबणाची वडी दिसली. वेष्टनात. चांगल्या वासाची.

मी चहा शोधला. बशीने झाकलेला कप होता. उचलला तर रिकामा होता, आणि आतल्या बाजूला ओठ लागल्याची खूण होती.

७

संग्रहालयाला सुट्टी असते त्या दिवशी दुपारी मी तिथे गेलो. आई घरात नव्हती. संग्रहालयाच्या किल्ल्या घरातल्या खुंटीवर नव्हत्या. मामाने मला दिलेला दुसरा जुडगा माझ्या बॅगेत होता, त्याने मी दार उघडलं. आत, पायरीपाशी, आईच्या चपला होत्या. व्यवस्थित, जोडीने, घरी काढते तशा.

सुट्टीच्या दिवशी विजेचं मुख्य बटण बंद असतं. मी पाहिलं, बंद होतं. जिन्याखालच्या यंत्राचा हिरवा दिवा विझलेला होता. वरून माझा आवाज येत होता.

शब्द कळत नव्हते. बोलण्याचा सूर कळत होता. मी बोलत होतो, थांबत होतो. आई काहीतरी म्हणत होती. मग मी हसलो. गेल्या कित्येक वर्षांत मी आईबरोबर तसा हसलेलो नाही. मी कारखान्यात उभा होतो, भिंतीवरच्या किल्ल्या हलकेच एकमेकींवर आपटत होत्या आणि खिडक्या सगळ्या बंद होत्या.

मी वर गेलो. जिना करकरतो, पण तेव्हा करकरला नाही. मी शेवटच्या पायऱ्यांवर पोचलो तेव्हा बोलणं थांबलं आणि पाण्याचा आवाज सुरू झाला. हात धुण्याचा. सावकाश, तळव्यावर तळवा.

दार लोटलेलं होतं. फटीतून मला खाटेची कड दिसली आणि आईची पाठ. खाटेवरच्या चादरीला तिच्या शेजारी खोल खळगा होता. नव्या साबणाचा वास येत होता. आईने मांडीवरचा टॉवेल उचलला आणि उजवीकडे धरला, स्टँडच्या बाजूला, जिथे मला दिसत नव्हतं. एक ओला हात पुढे आला आणि टॉवेल घेतला. सावकाश. बोटं एकेक करून पुसली. शेवटी अंगठा.

नख वाकडं होतं.

मी माझा हात डोळ्यांसमोर धरला. डाव्या अंगठ्याचं नख सपाट होतं. गुळगुळीत, गुलाबी, चारचौघांसारखं. तिथे कधी काही झालंच नव्हतं.

"कोण आहे?" माझा आवाज आतून म्हणाला. अगदी मऊ. मामाला हवा होता तसा.

"कोणी नाही रे," आई म्हणाली. "बस तू."

८

मी पळालो. ते लिहायला मला लाज वाटत नाही. तिथे थांबून कोणी शौर्य दाखवलं असतं असं ज्याला वाटतं त्याने जाऊन त्या खोलीत हात धुवावेत.

मामा घरी वर्तमानपत्र वाचत होता. मी धापा टाकत म्हणालो, "पाटीवर वर्ष लिही."

"कसलं?"

"त्याच्या मरणाचं. रेघेपुढे. आत्ता चल आणि लिही."

मामाने वर्तमानपत्राची घडी घातली. "असं कसं लिहिता येईल? पुरावा कुठे आहे?"

"जन्माला होता का पुरावा?"

"लोक येतात त्याला भेटायला," तो म्हणाला. "समितीच्या बाई दोनदा आल्या. पोस्टमन रोज येतात. एका माणसाने गावाला किती दिलं, आणि तुम्ही म्हणता मारून टाका."

"मामा, आईला तो आपला मुलगा वाटतोय."

मामा माझ्याकडे बघत राहिला. नवख्या विद्यार्थ्याला समजावताना मास्तर बघतात तसा, जरा कीव येऊन. "मग कोणाचा वाटणार?" तो म्हणाला. "माझा सख्खा भाचा आहे तो. लहानपणी खांद्यावर खेळवलाय." आणि थोडं थांबून, "तुम्ही पाणी घेणार का?"

मी वाट पाहिली. इंजिनियरसाहेब म्हणेल, मिशीत हसेल. तो हसला नाही. तो मला खरोखरच अहो-जाहो करत होता.

९

संध्याकाळच्या आत मी परत गेलो. आईच्या चपला दारात नव्हत्या. पाट्या रंगवायचा काळा रंग आणि बारीक ब्रश कारखान्याच्या कपाटात असतो, तो घेतला, विजेचं मुख्य बटण चालू केलं आणि वर गेलो.

खोली रिकामी होती. चादर सारखी केलेली होती. टॉवेल दांडीवर, ओला.

पाटी दाराशी आहे. मी ब्रश बुडवला आणि मग अडलो, कारण कुठलं तरी एक वर्ष लिहायला हवं होतं. जुनं लिहिलं तर पुसलं जाईल असं मला का कोण जाणे पक्कं वाटत होतं. पुरावा नाही त्याचं वर्ष टिकत नाही, हे मामानेच डोक्यात घातलेलं. जुन्या कुठल्याही वर्षी तो मेल्याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. या वर्षी तो जिवंत होता याचा मात्र होता, मी पाहिला होता, साबणाचा वास घेतला होता. म्हणजे संपायचाच तर याच वर्षी संपू शकत होता. मला ते हिशोबाला धरून वाटलं. आजही वाटतं. चूक हिशोबात नव्हती.

मी पहिला आकडा काढला. खोलीत खाट करकरली.

मी मागे वळलो नाही. दुसरा आकडा काढला. मागून कोणीतरी श्वास घेतला, तोंड न फिरवता, आणि तो मानेवर ओलसर लागला. मला वाटलं तो आता नीट, मऊ बोलेल, मला समजावेल, आईचं नाव घेईल. मी दातावर दात धरून तिसरा काढला. रंग जास्त झाला आणि आकड्याची शेपटी खाली ओघळली.

"मी येईन म्हणालो होतो," माझा आवाज म्हणाला. तो स्पीकरमधून येत नव्हता. त्यात मऊपणा उरला नव्हता. घाबरलेला होता. मी घाबरलो की माझा आवाज जसा फाटतो, अगदी तसा फाटला होता. "दार लोटून ठेव म्हणून सांग तिला."

मी शेवटचा आकडा पूर्ण केला.

मागे साबण फरशीवर पडला. फक्त तेवढाच आवाज आला. कोरड्या वडीचा, टक्क असा. मी बटण दाबलं. यंत्र चालू झाल्याची घरघर ऐकू आली आणि तिच्यात काहीही नव्हतं. मी बराच वेळ कान लावून उभा होतो. मग, सांगतो ते खरं, मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने हसलो. सुटलो असं वाटलं मला.

१०

आमच्या घराच्या दाराला आतून कडी होती. कितीतरी दिवसांनी. मला बरं वाटलं. मी कडी वाजवली.

आईने दार उघडलं. डोळे सुजलेले, केस तसेच. तिच्यामागे मामा खुर्चीत बसला होता, पोस्टमन भिंतीशी उभे होते, आणि काकू स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या आणत होत्या. शिवणाचं मशीन कापडाने झाकलेलं होतं. चहाचा एकच कप टेबलावर उपडा घातलेला.

"या," आई म्हणाली. "तुम्हाला कोणी कळवलं?"

"आई."

ती थबकली. मामाने मान वर केली. आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडेच.

"त्याच्या कॉलेजातले का तुम्ही?" मामाने विचारलं.

"मामा, मी आहे. आई, मी. हे बघ..." मी हात पुढे केला. हाताला काळा रंग लागला होता. डावा अंगठा सपाट होता. दाखवण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"आवाज अगदी त्याच्यासारखा आहे हो तुमचा," आई म्हणाली. तिने दाराची चौकट धरली. "डोळे मिटले तर वाटेल तोच आला."

मी हात खाली घेतला.

"बसा ना," ती म्हणाली. तिने खरंच डोळे मिटले. "बसा, आणि काहीतरी बोला. काहीही बोला."

मी बसलो नाही. भांडलो, ओरडलो, जुनी भांडणं काढली, बाबांचं नाव घेतलं, तिला लागेल असं सगळं बोललो. ती ऐकत होती आणि मान हलवत होती. शेवटी हळूच म्हणाली, "नाही. तो असं कधी बोलला नसता." मामाने उठून मला दंडाला धरून बाहेर नेलं. दार त्याने नीट लावून घेतलं.

आता मी दुसरीकडे राहतो. पाटीवर दोन्ही वर्षं आहेत, ओघळासकट. मामाने शेजारी फुलदाणी ठेवली आहे आणि लोक पूर्वीपेक्षा जास्त येतात. समितीने मदत वाढवली. मामाला याची काही किंमत पडली नाही.

मला पडली. माझी आई जिवंत आहे, आणि मला आई नाही.